मनगटावरचं छोटं जातं: बायकांची जपानी ऑटोमॅटिक घड्याळं समजून घेताना

घड्याळाच्या दुकानात बायकांच्या काउंटरवर वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला जायचा: पट्टा सोनेरी हवा की चामड्याचा? आत काय आहे हे कोणी विचारत नसे, कारण आत सेल असणार हे ठरलेलंच होतं. अलीकडे तिथे वेगळी घड्याळं दिसू लागली आहेत. जपानी बनावटीची, आकाराने बेताची आणि तबकडीवर बारीक अक्षरांत ‘ऑटोमॅटिक’. सोबतच्या माहितीत ‘२१,६०० व्हायब्रेशन्स’, ‘पॉवर रिझर्व्ह ४० तास’, ‘उरुशी’, ‘अरिता पोर्सेलिन’ असे शब्द असतात. किंमत शेजारच्या सेलच्या घड्याळापेक्षा कितीतरी जास्त. आणि विक्रेता प्रामाणिक असेल तर तोच सांगतो की वेळ ते स्वस्त घड्याळच जास्त अचूक दाखवतं.

मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? मैत्रिणींनी मला हा प्रश्न इतक्यांदा विचारला आहे की एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं. माझ्या मते अशा घड्याळाबद्दल दोनच गोष्टी विचारायच्या असतात. आत यंत्र कोणतं आहे, आणि तबकडी खरोखर कशाची बनली आहे. बाकीचे शब्द या दोन उत्तरांच्या मागून येतात.

आधी यंत्र: चावी कोण देतं?

आपल्या आई-आजींचं चावीचं घड्याळ आठवा. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढची दोन-तीन दशकं मराठी घरांतही सकाळी घड्याळाला चावी देणं हे तुळशीला पाणी घालण्याइतकं नेमाचं काम होतं. चावी देताना आपण आतली पोलादी पट्टी गुंडाळत असतो. गुंडाळलेली पट्टी उलगडायला बघते, आणि त्या उलगडण्याच्या जोरावर चक्रं फिरतात.

पण पट्टी मोकळी सोडली तर ती क्षणात उलगडेल आणि काटे गरगर फिरून थांबतील. म्हणून चक्रांच्या शेवटी एक अडसर असतो. दर्शनाच्या रांगेत एकेकालाच आत सोडणाऱ्या सेवेकऱ्यासारखा तो चक्राचा एकेक दात सोडतो. कधी सोडायचा हे त्याला सांगतं एक छोटं, झोक्यासारखं मागेपुढे हलणारं चाक. या चाकाला केसाएवढी बारीक स्प्रिंग जोडलेली असते. कानाशी घड्याळ धरल्यावर येणारा टिकटिक आवाज या अडसराचा. माहितीतला ‘२१,६००’ हा आकडा म्हणजे तासाला पडणारे टोले, म्हणजे सेकंदाला सहा. काही घड्याळांत सेकंदाला आठ किंवा दहा पडतात. टोले जितके भरभर, तितका हाताच्या हिसक्यांचा वेळेवर परिणाम कमी, असा साधारण नियम.

ऑटोमॅटिक घड्याळात हे सगळं तसंच असतं. फक्त चावी देण्याचं काम एक अर्धगोल वजन करतं. हात हलला की ते वजन आसाभोवती फिरतं आणि पट्टी थोडी थोडी गुंडाळत जातं. या वजनाला रोटर म्हणतात. अनेक घड्याळांची पाठ काचेची असते, त्यातून तो दिसतो. ‘पॉवर रिझर्व्ह ४० तास’ म्हणजे पूर्ण चावी बसलेलं घड्याळ हातातून काढून ठेवलं तर सुमारे ४० तास चालेल. शुक्रवारी रात्री कपाटात ठेवलंत तर रविवारी दुपारी थांबलेलं सापडेल.

रोटर कधी इकडे फिरतो, कधी तिकडे. पट्टी मात्र एकाच दिशेने गुंडाळायची असते. सेइको कंपनीने (आपल्याकडच्या बोलण्यातलं ‘सिको’) १९५९ साली यावर फार सुटसुटीत उपाय काढला. दोन बारीक बाहू असलेला एक खटका, एक बाहू ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. ताक घुसळताना रवी दोन्ही बाजूंना फिरते, पण लोणी दोन्ही वेळा सुटत असतं, तसंच काहीसं. याला त्यांनी ‘मॅजिक लीव्हर’ नाव दिलं. भाग कमी, म्हणून बिघाड कमी आणि किंमतही कमी. आखातातून कोकणात परतणाऱ्यांच्या हातांवर ‘सेइको ५’ दिसायचं, त्याच्या टिकाऊपणात या छोट्या खटक्याचा मोठा वाटा होता.

जाता जाता ‘ज्वेल्स’बद्दल. ‘२१ ज्वेल्स’ म्हणजे घड्याळात २१ रत्नं जडवली आहेत असं नाही. चक्रांचे आस झिजू नयेत म्हणून ते कृत्रिम माणकाच्या बारीक खळग्यांत बसवलेले असतात. कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सापडली, त्यामुळे त्यांची दागिना म्हणून किंमत नगण्य. पण यंत्रासाठी ती हवीतच.

लहान घड्याळ करणं एवढं अवघड का?

मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, आणि दुकानात हेच कोणी सांगत नाही.

जात्याचा खुंटा नेहमी कडेला असतो. तो मध्याजवळ बसवला तर त्याच जात्याला फिरवताना घाम फुटेल, कारण जोर लावायला अंतर मिळत नाही. रोटरचंही तसंच आहे. त्याचा व्यास निम्मा केला आणि जाडी तीच ठेवली, तर वजन चौथाई उरतं, आणि ते वजन आसापासून निम्म्या अंतरावर येतं. म्हणजे हात खाली-वर झाल्यावर पट्टी गुंडाळायला मिळणारा जोर उरतो एक अष्टमांश. घड्याळ निम्मं, ताकद आठवा हिस्सा.

पट्टीलाही जागा कमी, म्हणून ती साठवते ते बळही कमी. झोक्यासारखं हलणारं चाक लहान आणि हलकं, म्हणून त्याला कोणताही धक्का चटकन जाणवतो. लाटांवर मोठा मचवा आणि छोटी होडी शेजारी असतील तर कोण जास्त हेलकावे खाईल? तेच इथे होतं. शिवाय भाग इतके बारीक की कारागिराचा हात जरासा चुकला तरी घर्षण वाढतं.

हे आकड्यांत बघायचं असेल तर ग्रँड सेइको या सेइकोच्याच वरच्या दर्जाच्या ब्रँडची दोन यंत्रं शेजारी ठेवा. पुरुषांच्या घड्याळांतलं ९एस६५ पूर्ण चावीवर ७२ तास चालतं आणि दिवसाला ५ सेकंद पुढे ते ३ सेकंद मागे एवढ्यात राहतं. खास स्त्रियांच्या घड्याळांसाठी केलेलं लहान ९एस२७ हे ५० तास चालतं आणि त्याची मर्यादा आहे ८ सेकंद पुढे ते ३ सेकंद मागे. कारखान्याचं नाव एक, कारागिरीचा दर्जाही एकच. फरक पडला तो फक्त आकाराने. म्हणून लहान ऑटोमॅटिक घड्याळाचे आकडे थोडे कमी दिसले तर ते हलक्या दर्जाचं आहे असं लगेच समजू नका. ते जास्त कठीण काम आहे.

मग बायकांना इतकी वर्षं सेलच का मिळाला?

मनगटावर घड्याळ बांधायची सुरुवात बायकांनी केली, हे आता बहुतेक जण विसरले आहेत. घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांनी नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिच्यासाठी १८१२ मध्ये मनगटावर घालायचं घड्याळ पूर्ण केलं. पुरुष त्यानंतर शंभरएक वर्षं खिशातलं साखळीचं घड्याळच वापरत होते. मनगटी घड्याळ त्यांना बायकी वाटायचं. पहिल्या महायुद्धात खंदकांत खिशातून घड्याळ काढणं जमेना, तेव्हा त्यांनी ते मनगटावर घेतलं. आणि मग गंमत अशी झाली की जे बायकांचं होतं, त्यातलं यंत्र पुरुषांच्या नावावर गेलं आणि बायकांकडे दागिना उरला.

जपानमध्येही काही वेगळं घडलं नाही. सेइकोचे संस्थापक हत्तोरी किन्तारो यांनी १८८१ मध्ये तोक्योत घड्याळांचं दुकान काढलं, १८९२ मध्ये सेइकोशा कारखाना सुरू केला आणि १९१३ मध्ये ‘लॉरेल’ हे जपानचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. ग्रँड सेइकोने १९६८ मध्ये स्त्रियांसाठी सेकंदाला दहा टोल्यांचं, हाताने चावी द्यायचं घड्याळ काढलं होतं. म्हणजे जमत नव्हतं असं अजिबात नाही. पण लगेच पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, त्याच कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत ४,५०,००० येन, म्हणजे तेव्हाच्या छोट्या मोटारीएवढी.

क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. सेलची वीज दिली की त्याचा बारीक तुकडा अतिशय नियमित थरथरतो. नेहमीच्या घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा. यंत्रातला झोका सेकंदाला सहा-आठ वेळा हलतो, त्याच्यापुढे हे गणितच वेगळं. पुढे क्वार्ट्झ लहान, पातळ आणि स्वस्त होत गेलं, आणि लहान यंत्राचा सगळा त्रास एका फटक्यात संपला. कारखान्यांना सर्वात जास्त सोय झाली ती बायकांच्या घड्याळांत. पुरुषांसाठी यांत्रिक घड्याळं पुढे हौस म्हणून परत आली. बायकांच्या वाट्याला मात्र पुरुषी घड्याळाची लहान, गुलाबी, खडे लावलेली आणि आत सेल असलेली आवृत्ती आली. ९एस२७ यायला १९६८ नंतर जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं. मला याचा राग येतो. यंत्राची आवड असणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, त्यांना कोणी विचारलंच नाही.

‘जपानी सौंदर्यदृष्टी’ म्हणजे नक्की काय?

जाहिरातीत हा शब्द आला की चेरीची फुलं आणि फुजी पर्वत डोळ्यांपुढे येतात. खरं तर वेळेकडे बघण्याची जपानी रीतच मुळात वेगळी होती, आणि ती मराठी माणसाला समजायला फार सोपी आहे.

१ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि त्याच सुमारास २४ समान तासांची पद्धतही आली. त्याआधी तिथे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून दिवसाचा ‘तास’ही लांब. हिवाळ्यात उलट. आपल्याकडे राहुकाळ काढताना सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करतात, त्यामुळे तो ऋतूप्रमाणे लहानमोठा होतो, अगदी तसंच. जपानी कारागिरांनी युरोपी घड्याळं या बदलत्या तासांना जुळवून घेतली. ऋतू बदलला की वजनं किंवा तबकडीवरच्या खुणा सरकवायच्या. माणसाने घड्याळाप्रमाणे वागावं असं नव्हतं, घड्याळानेच ऋतूप्रमाणे वागायचं होतं.

वर्षाचंही तेच. सूर्याच्या स्थितीवरून वर्षाची चोवीस पर्वं, प्रत्येक साधारण १५ दिवसांचं. मार्चच्या सुरुवातीचं ‘केइचित्सु’ म्हणजे जमिनीतले किडे जागे होण्याचे दिवस. आपला शेतकरी ‘मृग लागला’, ‘आर्द्रा कोरड्या गेल्या’ असं म्हणतो तेव्हा तोही सूर्याच्या नक्षत्रांवर, तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत, वर्ष मोजत असतो. ग्रँड सेइकोने या चोवीस पर्वांवर घड्याळांची मालिका काढली. त्यात ‘शुनबुन’ म्हणजे वसंतसंपाताचं घड्याळ आहे. पाण्यावर तरंगत जाणाऱ्या चेरीच्या पाकळ्यांवरून घेतलेली त्याची फिकट गुलाबी तबकडी बघितली की ‘ऋतूची तबकडी’ म्हणजे काय ते कळतं. फुलाचं चित्र तिच्यावर कुठेही नाही. रंग आणि पृष्ठावरची खरखरीत लय, बस्स.

हे न दाखवता सुचवणं महत्त्वाचं आहे. जपानी भाषेत ‘मा’ असा एक शब्द आहे: दोन गोष्टींमधली अर्थपूर्ण मोकळी जागा. चांगला गवय्या दोन स्वरांच्या मधे थांबतो आणि त्या थांबण्यातच श्रोत्याच्या तोंडून ‘वा’ निघतं, ती जागा. तबकडीवर याचा अर्थ असा की आकडे कमी, खडे नाहीत आणि मधली जागा भरायचा हट्ट नाही.

‘वाबी-साबी’ हा दुसरा लाडका शब्द. साधेपणाचं आणि वापराने, वयाने आलेल्या झिजेचं सौंदर्य, असा त्याचा ढोबळ अर्थ. चंदन उगाळून मध्यावर खोलगट झालेली सहाण, धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडी, यांत वाबी-साबी आहे. पेटीतून काढलेल्या आरशासारख्या चकचकीत नव्या घड्याळात ती नाही, असू शकत नाही. जाहिरातीत हा शब्द दिसला तर तो बाजूला ठेवा. वीस वर्षं वापरल्यावर घड्याळात ती येईल कदाचित, आणि ती तुम्ही आणलेली असेल.

नक्षी आणि रंगांचं मात्र तसं नाही, तिथे परंपरा खरी आहे. सेइकोच्या ‘प्रिसाज’ मालिकेतल्या काही घड्याळांवर ‘आसानोहा’ ही भांगेच्या पानाची चांदणीसारखी नक्षी आहे. भांग भराभर वाढते, म्हणून तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर ही नक्षी असायची, मूलही तसंच वाढावं म्हणून. त्याच घड्याळांच्या रंगांची नावं बघा: ‘शिरोनेरी’ म्हणजे धुतलेल्या रेशमाचा पांढरा, ‘सुसुताके’ म्हणजे चुलीच्या धुराने काळवंडलेल्या बांबूचा तपकिरी. आपल्याकडे मोरपंखी, आमसुली, अबोली, गुलबक्षी म्हणणाऱ्या बायकांना हा कानाकोपऱ्यातून रंग वेचणारा डोळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

झाडाचा चीक, भाजलेली माती, वितळलेली काच

आता दुसरा प्रश्न. तबकडी कशाची आहे?

उरुशीपासून सुरुवात करते, कारण तिच्याबद्दल मराठीत हमखास घोटाळा होतो. इंग्रजीतून ‘जपानी लॅकर’ हा शब्द आला की आपल्याला सावंतवाडीचं लाखकाम आठवतं. पण लाख किड्यापासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक आहे. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. आंब्याचा चीक ओठाला लागला की पोळतं, काजूच्या टरफलाचं तेल हात भाजतं, बिबा उततो, हे कोकणातल्या कोणालाही सांगायला नको. उरुशीचा ओला चीकही असाच अंगावर उततो, आणि नव्या शिकाऊ कारागिरांना तो त्रास सोसावा लागतो.

दहाएक वर्षं वाढवलेल्या झाडाला चरे पाडून एका हंगामात जेमतेम पेलाभर, सुमारे २०० मिलिलिटर चीक मिळतो. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी आज चीनमधून येते, हेही सांगायला हवं. पण खरी नवलाची गोष्ट तिच्या सुकण्यात आहे. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीचा रंग वाळत नाही म्हणून रंगारी काम थांबवतो. उरुशी दमट हवेतच घट्ट होते. हवेतला ओलावा घेऊन तिच्यातलं एक द्रव्य कामाला लागतं आणि चिकाचं कठीण, चिवट कवच बनतं. म्हणून कारागीर ती दमट कपाटात ठेवतात, घासतात, पुन्हा थर देतात, पुन्हा ठेवतात. यातून येणारा काळा रंग वरवरचा चमकत नाही, विहिरीत वाकून बघितल्यासारखा खोल दिसतो. घट्ट झाल्यावर ती त्वचेला काही करत नाही, काळजी नसावी.

अरिता हे क्यूशू बेटावरचं गाव. तिथे चारशे वर्षांपूर्वी पांढरी चिनीमाती सापडली आणि जपानची पहिली पोर्सेलिनची भांडी घडली. भट्टीत चिनीमाती आकसते, म्हणून काट्यांच्या आसासाठीचं भोक आणि तबकडीची जाडी नेमकी राखणं हे कौशल्य. कपबशी अर्धा मिलिमीटर वाकडी चालते, तबकडी चालत नाही.

मिनाकामाची तबकडी म्हणजे धातूच्या चकतीवर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजलेली. १९१३ च्या ‘लॉरेल’ची तबकडीही अशीच होती, आणि शंभर वर्षांनीही तो पांढरा रंग पिवळा पडत नाही. प्रिसाजच्या अशा तबकड्यांमागे मित्सुरु योकोसावा या कारागिराचं नाव आहे. हवेतली आर्द्रता रोज बदलते, त्याप्रमाणे थराची जाडी ते नजरेने ठरवतात. याचाच रंगीत, अर्धपारदर्शक भाऊ म्हणजे ‘शिप्पो’. नागोयातली आंदो ही कार्यशाळा १८८० पासून शिप्पोचं काम करते. शब्दाचा अर्थ ‘सात रत्नं’, आणि तो बौद्ध ग्रंथांतल्या सप्तरत्नांवरूनच तिकडे गेला आहे.

“पण हे सगळं जाहिरातीतलं पाल्हाळ नाही का?”

काही अंशी आहे. म्हणूनच तबकडीचा प्रश्न विचारायचा. प्रिसाजमधली ‘कॉकटेल टाइम’ घड्याळं बघा. तोक्योच्या गिन्झा भागातल्या स्टार बारचे बारटेंडर हिसाशी किशी यांच्या कॉकटेल्सवरून त्यांच्या तबकड्या सुचल्या. मधून कडेकडे जाणाऱ्या किरणांची नक्षी, वर चकचकीत रोगणाचे थर. प्रकाश पडला की पेल्यातलं पेय हलल्यासारखं वाटतं. मला त्या आवडतात. पण ही नक्षी यंत्राने दाबून उठवलेली आहे. ती सुंदर आहे, हस्तकला नाही. कंपनीही तसा दावा करत नाही, दुकानदार मात्र कधी कधी करतो. दाबलेली नक्षी, शिंपल्याचा पातळ पापुद्रा, उरुशी, मिना, पोर्सेलिन या पाच गोष्टींत काय घेतोय हे कळलं की किंमत योग्य की अवाच्या सवा हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

आणि इथे माझी मुख्य तक्रार. उरुशी, अरिता, शिप्पो अशा तबकड्यांची बहुतेक घड्याळं ४० मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे पुरुषी मापाची असतात. बायकांच्या मापात बहुतेकदा दाबलेली नक्षी किंवा शिंपला येतो. म्हणजे लहान यंत्राचं कठीण काम एका घड्याळात आणि हाताने घडवलेली तबकडी दुसऱ्याच. एकत्र क्वचितच. बायकांना अखेर यंत्र मिळालं, कारागिरी अजून अर्ध्या वाटेवर आहे. मागणी केली तरच ती पुढे सरकेल. म्हणून दुकानात ‘याच मापात मिन्याची तबकडी आहे का?’ असं मुद्दाम विचारा.

“मोठंच घातलं तर?”

जरूर घाला. बायकांनी कोणतं माप घालावं याचा कायदा नाही. फक्त व्यासापेक्षा वरच्या आणि खालच्या पट्ट्याच्या खुंट्यांमधलं अंतर मोजा. ते मनगटाच्या रुंदीबाहेर गेलं तर घड्याळ डुगडुगतं आणि बांगड्यांना लागत राहतं. ३६ ते ३८ मिलिमीटरची घड्याळं खूप मनगटांना बसतात, आणि त्यांत यंत्रही मोठं मिळतं.

“वेळच चुकणार असेल तर घड्याळ कशाला?”

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळणं बरोबर नाही. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ ते २० सेकंद चुकतं. सेइकोच्या किफायतशीर ४आर मालिकेतल्या ऑटोमॅटिक यंत्राची मर्यादाच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. प्रत्यक्षात बहुतेक त्याहून बरी चालतात, पण तक्रार करायला गेलात तर हीच मर्यादा दाखवली जाते. लोकलची वेळ गाठायची असेल तर फोन बघा.

तरी एक हिशेब करून बघा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात १५ सेकंद चुकणं म्हणजे एक किलोमीटर चालून गेल्यावर १७ सेंटिमीटर, वीतभरापेक्षाही कमी, इकडेतिकडे होणं. सेल नाही, वीज नाही, फक्त गुंडाळलेली पट्टी आणि हाताची हालचाल. मला तरी यात दोष दिसण्याआधी नवल दिसतं. शिवाय हे यंत्र उघडता, धुता, तेल देता येतं. चांगला घड्याळजी आणि सुटे भाग मिळाले तर ते मुलीच्या हातावरही चालेल. तीन ते पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, त्याचा खर्च मात्र खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा.

रोजच्या वापरात

दिवसभर बसून काम असेल, हात फारसा हलत नसेल, तर रोटरला पुरेसं काम मिळत नाही. म्हणून हाताने चावी देता येणारं ऑटोमॅटिकच घ्या. आजची बहुतेक तशी असतात, काही जुनी नसतात. थांबलेलं घड्याळ चालू करताना हलवत बसू नका, चावी वीस-तीस वेळा फिरवा आणि मग वेळ लावा. तारीख असेल तर ती रात्री ९ ते पहाटे या वेळात बदलू नका. तेव्हा आतली दातेरी चक्रं तारीख सरकवायच्या तयारीत एकमेकांत गुंतलेली असतात, जोर दिला तर दात तुटतो.

घड्याळावर ‘५ बार’ असं पाणी सोसण्याचं माप लिहिलं असेल तर हात धुताना किंवा पावसात चिंता नाही, पोहायला नको. गरम पाणी आणि वाफेने रबरी वॉशर लवकर खराब होतात, तेव्हा आंघोळीला आणि कुकर उघडताना काढलेलं बरं. काचेच्या बांगड्या त्याच हातात नकोत. दुसऱ्या हातात घातल्या तर दोन्ही छान दिसतात.

आणि सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट, चुंबक. ती केसाएवढी स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी भरधाव पुढे जायला लागतं. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जात असेल तर बिघाडाआधी हाच संशय घ्या. घड्याळजी काही मिनिटांत चुंबकत्व काढून देतो. कारण बहुतेक वेळा घरातच असतं: फोनच्या कव्हरचं झाकण, इअरबड्सची डबी आणि पर्सचं चुंबकाचं बटण. रात्री घड्याळ काढून सवयीने पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकत असाल, तर आजपासून ते वीतभर लांब, मऊ कापडावर ठेवा.